हलक्या गाडीची हवा

प्रश्न : माझ्याकडे लोटस सेव्हनच्या धाटणीची, उघड्या चाकांची दोन आसनी गाडी आहे. वजन ५६० किलो, टायर १९५/५० आर १५ (१९५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ५० टक्के, रिम १५ इंची). टायरवाल्याने चारही चाकांत ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून दिली. आता रस्त्यावरचा बारीकसा उंचवटाही पाठीत लागतो. मित्र म्हणतो, सरळ १५ वर आण. बायको गाडीत बसायला तयार नाही. हवा किती ठेवू?

उत्तर : १५ वर आणू नका, आणि ३२ वरही ठेवू नका. टायरवाल्याकडे दिवसभर हजार-बाराशे किलोच्या गाड्या येतात, त्याचा हात त्याच आकड्यावर बसलेला असतो. तुमची गाडी त्यांच्या निम्म्या वजनाची आहे.

टायरच्या बाजूवर मापापुढे बहुधा ८२ हा आकडा दिसेल. त्याचा अर्थ असा, की पूर्ण दाबाला तो एकटा टायर ४७५ किलो पेलू शकतो. तुमची गाडी, दोन माणसं आणि पेट्रोल मिळून साधारण ७२० किलो, म्हणजे चाकामागे सरासरी १८०. टायरच्या ताकदीच्या ४० टक्केही नाही. त्यात ३२ हवा भरली की तो दबतच नाही. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे आणि तिचा कडकपणा बहुतांशी हवेच्या दाबावर ठरतो. जड गाडीत बारीक हादरे बॉडीच्या वजनात जिरतात. तुमच्याकडे चाक, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), ब्रेक यांचं वजन बाकी गाडीच्या मानाने बरंच आहे, त्यामुळे चाक उडालं की सगळी गाडी उडते.

मूळ लोटस सेव्हन १९५७ साली आली ती अरुंद आणि उंच बाजूंच्या टायरवर. १९७३ पासून कॅटरहॅम ही ब्रिटिश कंपनी ती बनवू लागली. या कुळातल्या गाड्यांत आजही १८ ते २२ पीएसआय हे नेहमीचे आकडे आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा दिला असेल आणि टायरचं माप तेच असेल, तर पहिला मान त्याचा. नसेल तर शोधावा लागेल, आणि तो शोधणं ही या गाड्यांमधली फार आनंदाची गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी स्वतःचं गेज घ्या. कॉम्प्रेसरवरचं गेज दोन-तीन पीएसआयने सहज चुकतं. ३२ मध्ये ते खपून जातं, १८ मध्ये नाही. शून्य ते ३० चं, मोठ्या डायलचं आणि हवा सोडायचं बटण असलेलं गेज उत्तम. गाडी निदान तीन तास उभी असताना, उन्हात तापायच्या आत मोजा. चारही चाकं २४ वर आणा. ओळखीचा एक रस्ता निवडा, ज्यावर एखादा डांबराचा जोड आणि एखादं लांब वळण आहे. त्याच वेगाने तेवढाच तुकडा चालवा. मग पुढेमागे सारखीच, एकेक पीएसआय हवा सोडत जा. फक्त मागची सोडलीत तर वळणात शेपूट निसटायला लागेल, फक्त पुढची सोडलीत तर नाक वळणाबाहेर जाईल. तोल तोच राहून फक्त मऊपणा यायला हवा.

लक्ष स्टिअरिंगवर ठेवा. एका आकड्यापर्यंत जोडावरचा टणत्कार कमी होत जातो आणि गाडी हाताबरोबर वळते. त्याच्या खाली गेलात की स्टिअरिंग फिरवल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम वळते. साइडवॉल, म्हणजे टायरची उभी बाजू, आधी मुडपते आहे, हे त्याचं कारण. तिथून दोन पीएसआय वर या. तुमच्या वर्णनावरून हा आकडा १९-२० च्या आसपास निघेल असा माझा अंदाज आहे. पडताळणीसाठी ट्रेडवर, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर, खडूने आडवी रेघ ओढा आणि थोडं सरळ चालवा. रेघ मधोमध पुसली गेली तर हवा अजून जास्त, कडांना पुसली गेली तर कमी, सगळीकडे सारखी पुसली गेली तर बरोबर.

मित्राचं १५ का नको? एवढ्या कमी हवेत खड्ड्याच्या काठावर रिमचा घाव थेट टायरवर बसतो, जोरात घेतलेल्या वळणात टायरची कड रिमवरून निसटू शकते, आणि लांब पल्ल्यावर वेगात साइडवॉल सतत मुडपून तापते. पावसात तर कमी दाबाचा रुंद टायर हलक्या गाडीखाली पाण्यावर लवकर तरंगतो. पावसाळ्यात मी स्वतः दोन पीएसआय वरच ठेवतो. चालवून तापलेल्या टायरचा दाब तीन-चारने वाढलेला दिसेल, तो सोडू नका. हवामान १० अंशांनी गार झालं की साधारण १ पीएसआय उतरतो, तेव्हा ऋतू बदलला की पुन्हा मोजा.

हवा कमी केल्याने बारीक हादरे जातील. मोठ्या खड्ड्यातला दणका जाणार नाही, तो शॉक अब्जॉर्बरचा आणि स्प्रिंगचा प्रांत. शॉक अब्जॉर्बर फिरवून कडक-मऊ करता येणारे असतील तर आधी सगळ्यात मऊ करून पाहा. टायरचं वयही बघा. बाजूवर ‘डीओटी’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. इतक्या जुन्या रबराला कुठलाही दाब मऊ करत नाही, आणि ओल्या रस्त्यावर त्यावर भरवसा ठेवू नये.

टायर बदलायचेच असतील तर १४ इंची रिमवर १८५/६० चा विचार करा. चाकाचा बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो, ५७६ च्या जागी ५७८ मिलिमीटर, पण बाजूच्या रबराची उंची साडेसत्त्याण्णवची १११ मिलिमीटर होते. ब्रेकचे कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारे भाग) त्या रिममध्ये मावतात का, हे आधी तपासा.

प्रश्न : नायट्रोजन भरला तर राइड मऊ होते का?

उत्तर : नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाब सारखा असेल तर टायर सारखाच कडक. कोरडा असल्याने त्याचा दाब थोडा स्थिर राहतो आणि गळती किंचित हळू होते, एवढाच फायदा. मध्येच कमी झाला तर वरून साधी हवा भरायला काही हरकत नाही.