पहिली वाकळ शिवतेस ना, मग आधी गाठोडं सोड

अगं नवीन कापड आणायला निघालीस म्हणे, थांब जरा. आईची जुनी सुती लुगडी, बाबांचं धोतर, लेकराची झबली, जे हातात घेतलं की माणूस आठवतं ते बाजूला काढ, वाकळ, म्हणजे आपली गोधडी, त्यातूनच होती. माझ्या आजीच्या हिरव्या इरकलीला चुलीच्या ठिणगीनं बारीक भोक पडलं होतं, ते मी मुद्दाम वर ठेवलं अन् त्याच्याभोवती पिवळ्या दोऱ्यानं गोल टाके घातले, आता माझी पोरगी झोपताना तिथंच बोट फिरवत बसते.

नायलॉन, पॉलिस्टरच्या साड्या आत घालू नकोस, थर घसरतात अन् घाम पण शोषत नाहीत. कापड धुऊन कडक वाळव, मग फरशीवर ताणून अंथर, कोपऱ्यांवर तांबे ठेव. पांघरायची असेल तर तीन-चार थर बास, अंथरायला जाड चालती. आधी लांब कच्चे टाके घाल, ते टाळू नको, सगळ्यांची चूक इथंच होती! मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनी फिरत मध्ये ये, दोन ओळीत बोटभर अंतर. दोरा हातभरच घे, लई लांब घेतला की गुंततो, अन् ओढून धरू नको, चुण्या पडतात. सुई टोचू नये म्हणून बोटाला अंगुस्तानाची टोपी घाल.

अन् घट बसायच्या आधी धुशील तेव्हा पिळू नको, दोघींनी धरून उन्हात टाका.