लातूरला एकमजली घर बांधतोय. उन्हाळ्यात स्लॅब तापू नये आणि सिमेंटही कमी लागावं, तर काय करावं?

विटांचा विचार नंतर, आधी स्लॅबचा करा. एकमजली घरात दिवसभर ऊन खातो तो स्लॅब, आणि रात्री तीच धग खोलीत सोडतो.

केंद्राच्या इको निवास संहिता 2018 मध्ये छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता आत शिरण्याचं माप, 1.2 च्या वर जाऊ नये असं आहे. उघडा पाच इंची स्लॅब 3 च्याही वर जातो. संहिता 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटसाठी आहे, त्यामुळे तुम्हाला बहुधा कुणी विचारणार नाही. तरी आकडा डोळ्यांसमोर ठेवा. नुसत्या ब्रिकबॅट कोब्याने, म्हणजे स्लॅबवर वीटतुकड्यांचा थर देऊन, तो गाठता येत नाही.

40 मिमी एक्सपीएस शीट, म्हणजे उष्णता अडवणारा घट्ट फोमचा तक्ता, घ्या. साधं थर्मोकोल पायाखाली दबतं. आधी 1:100 उताराचा थर, मग वॉटरप्रूफिंग, तेही पॅरापेटवर फूटभर चढवून. त्यावर शीट, सांधे टेपने बंद, प्लास्टिक, कोंबडी जाळी घालून दोन इंच काँक्रीट आणि वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे. काँक्रीटमध्ये दहा-दहा फुटांवर सांधा सोडला नाही तर तडे ठरलेले. शीट स्लॅबच्या खालून लावायला मिस्त्री सुचवेल, कारण काम सोपं. पण मग स्लॅब उन्हात फुगत-आकसत राहतो आणि भिंतीच्या माथ्याशी आडवी भेग पडते.

सिमेंट पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) घ्या. त्यात 35 टक्क्यांपर्यंत फ्लाय अॅश, म्हणजे दगडी कोळशाची राख असते, म्हणजे क्लिंकर (चुनखडी भाजून बनणारा सिमेंटचा मूळ घटक) तेवढं कमी. चुनखडी भाजताना निघणारा कार्बन तिथेच वाचतो. मात्र पीपीसीला ताकद सावकाश येते. आपल्याकडच्या उन्हात 14 दिवस पाणी हवंच. स्लॅबवर आळे करून पाणी साठवा, कॉलमला ओली पोती गुंडाळा. टँकरचं पाणी त्यातच कमी लागतं. सेंटरिंग (स्लॅबखालचा आधार) काढायची घाई नको.

फ्लाय अॅशची वीट भट्टीत भाजत नाहीत, म्हणून कार्बनच्या हिशेबात चांगली. गारव्यात मात्र ती लाल विटेसारखीच. घराच्या पायाच्या कामात काटकसर करू नका: काळी माती फुगते, मुरूम लागेपर्यंत खणा.

माळवदाचा, म्हणजे जुन्या मातीच्या सपाट छताचा, गारवा खरा, पण 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीची जड छतं आणि सैल दगडी भिंतीच लोकांच्या अंगावर आल्या. मातीचा थर द्यायचाच असेल तर त्याचं वजन इंजिनिअरकडून डिझाइनमध्ये धरून घ्या. पश्चिमेची खिडकी लहान ठेवा; तिरप्या उन्हापुढे छज्जा काही कामाचा नाही.