हिरड्या पांढऱ्या पडल्या तेव्हा

गेल्या महिन्यात याच सदरात आमच्या कुत्रीच्या, मिनीच्या, ऑटोइम्यून ॲनिमियाबद्दल सहज चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून पत्रं थांबतच नाहीयेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, यात कुत्र्याची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्याच्या लाल पेशींना परकं समजून फोडत सुटते, डॉक्टर त्याला आयएमएचए म्हणतात. मी डॉक्टर नाही, आठ महिने चिमट्यात गोळ्या मोजलेली एक पालक आहे फक्त, त्यामुळे डोस मला विचारू नका. बाकी काहीही विचारा.

प्रश्न : ताई, आमचा ब्रूनो सहा वर्षांचा, कॉकर स्पॅनियल. सोमवारी मस्त खेळत होता, बुधवारी जिना चढेना, गुरुवारी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या बघितल्या आणि लगेच ॲडमिट करा म्हणाले. पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत तो आकडा) 14 होता, रक्त दिल्यावर 22 झाला आणि दोन दिवसांनी परत 17. म्हणजे औषध लागूच पडत नाहीये का? महिनाभरापूर्वी लस दिली होती, त्याच्या आधी दोन गोचिडी काढल्या होत्या, माझंच काही चुकलं का? रात्र रात्र मोबाईलवर वाचत बसते.

उत्तर : आधी त्या 17 चं बघू. गळक्या बादलीत पाणी ओतलं की पातळी वर जाते आणि परत खाली येते, ब्रूनोला दिलेल्या रक्ताचं तेच झालंय, बाहेरून आलेल्या पेशीही त्याचं शरीर फोडतंच आहे. रक्त देणं म्हणजे वेळ विकत घेणं. भोक बुजवायचं काम प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचं, आणि त्याला दिवस लागतात, सोबत ॲझाथायोप्रिनसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध असेल तर त्याला आठवडेही लागू शकतात. दुसऱ्या बाजूने अस्थिमज्जेलाही नव्या पेशी बाहेर सोडायला 3 ते 5 दिवस जातात. त्यामुळे निरोगी कुत्र्याचा 37 ते 55 असतो आणि आमचा 17 च, असं बघत बसलात तर वेड लागेल. डॉक्टरांना विचारा की रेटिक्युलोसाइट वाढताहेत का, म्हणजे कोवळ्या पेशी, आणि बिलिरुबिन, म्हणजे फुटलेल्या लाल पेशींतून येणारं पिवळं द्रव्य, उतरतंय का. मिनीचा आकडा चौथ्या दिवशी हललाच नव्हता पण कोवळ्या पेशी भरपूर दिसल्या आणि आमच्या डॉक्टरांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा सैल झाला, मी रिपोर्टपेक्षा त्यांच्या चेहऱ्याकडेच जास्त बघायचे खरं तर.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती ती तुम्हाला सांगते. या आजारात रक्त कमी होण्याइतकीच भीती रक्ताच्या गुठळ्यांची असते, विशेषतः फुप्फुसात अडकणाऱ्या. म्हणून क्लोपिडोग्रेलसारखी गुठळी होऊ न देणारी गोळी देतात, ती यादीत नसेल तर का नाही ते विचारा, विचारल्याने कोणी रागावत नाही. घरी आणल्यावर श्वास अचानक धापेसारखा झाला, हिरड्या निळसर दिसल्या, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असलं तरी उठायचं आणि जायचं. पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात.

आता तुमचं काय चुकलं ते. बहुतेक कुत्र्यांमध्ये कारण सापडतच नाही. कॉकर स्पॅनियलमध्ये हा आजार इतरांपेक्षा जास्त दिसतो हे मात्र खरं. लसीमुळेच होतो असं अभ्यासांमधून ठामपणे सिद्ध झालेलं नाही, तरी पुढची लस द्यायची की नाही, कधी आणि कुठली, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. गोचिडीचा मुद्दा वेगळा, तो सांगायलाच हवा. बेबेसिया नावाचा परजीवी गोचिडीतून येतो, लाल पेशींत शिरतो आणि त्यातूनही हे सगळं सुरू होऊ शकतं, मग नुसत्या स्टिरॉइडवर भागत नाही, त्याचं वेगळं औषध द्यावं लागतं. रक्तात असा परजीवी आहे का ते शोधणारी पीसीआर टेस्ट झाली नसेल तर आठवण करा. तसंच त्याने कांदा, लसूण किंवा एखादी धातूची वस्तू गिळल्याची शंका असेल तर तेही सांगा, कांद्यानेही लाल पेशी फुटतात आणि धातूत जस्त असेल तर त्यानेही, आणि वरवर चित्र सारखंच दिसतं.

आणि मोबाईल. किती कुत्री जगतात याचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे सापडतील, कारण एकीकडे फक्त अतिगंभीर कुत्री मोजलेली असतात आणि दुसरीकडे सगळी. ब्रूनो त्यातल्या कुठल्या रांगेत आहे हे त्या पानाला माहीत नाही. त्यापेक्षा एक वही करा. रोज सकाळी त्याच खिडकीपाशी त्याच उजेडात हिरड्यांचा फोटो, ट्यूबलाइटखाली सगळंच फिकट दिसतं म्हणून सांगतेय. गाढ झोपेत मिनिटाला किती श्वास ते मोजून लिहा, एरवी 30 च्या आत असतात. लघवी पांढऱ्या टिश्यूवर टिपून रंग बघा. सून असो की सासू, घरात जो कोणी गोळी देईल त्याने वेळ लिहून सही करायची, आमच्याकडे एकदा दोघांनी दोनदा दिली होती.

प्रश्न : स्टिरॉइड सुरू होऊन महिना झाला. आमची डेझी सारखं पाणी पिते, घरभर शू करते, पोट ढोलासारखं झालंय आणि डोक्यावरची हाडं दिसायला लागलीत. पाणी कमी ठेवू का? पायही दुखत असावेत, घरातली वेदनेची गोळी चालेल का?

उत्तर : दोन्ही नाही. पाणी तोडायचं नाही, ते स्टिरॉइड शरीरातून पाणी बाहेर काढतंय म्हणून ती पितेय, पाणी काढून घेतलंत तर आजारी कुत्री वरून कोरडी पडेल. जुन्या चादरी काढा, रात्री एकदा जास्तीचं बाहेर न्या, आणि तिच्यावर ओरडू नका, तिला कळतं आणि लाज वाटते (निदान मिनी तरी कोपऱ्यात जाऊन बसायची). माणसांची वेदनाशामक गोळी तर अजिबात नको, स्टिरॉइडबरोबर ती पोटात जखमा करते. शी डांबरासारखी काळी चिकट झाली तर त्याच दिवशी फोन करायचा. कचऱ्याचा डबा उंचावर ठेवा कारण या दिवसांत भूक राक्षसासारखी असते. पोट आणि स्नायू डोस उतरल्यावर हळूहळू पूर्वपदावर येतात, हळूहळू म्हणजे खरंच हळूहळू. ॲझाथायोप्रिन देत असाल तर ग्लोव्ह्ज घाला, गोळी मोडू नका, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला ते काम देऊ नका.

प्रश्न : पीसीव्ही 41 आला! भाऊ म्हणतो आता बास झाल्या गोळ्या, यकृताचे आकडे वाढलेत तेही गोळ्यांमुळेच. बंद करू का?

उत्तर : अभिनंदन, आणि भावाला हे वाचायला द्या. प्रेडनिसोलोन एकदम बंद केलं तर काय होतं, बाहेरून इतके दिवस मिळत असल्यामुळे शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवणारी ग्रंथी झोपलेली असते, ती एका रात्रीत उठत नाही, कुत्रा कोसळू शकतो. वरून आजार उलटायची भीती आहेच. साधारण दर तीन आठवड्यांनी पाव हिस्सा कमी, प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचं आणि मगच खाली उतरायचं, असं करत करत 4 ते 8 महिने जातात. यकृताचे आकडे स्टिरॉइडवर कुत्र्यांमध्ये वाढतातच, किती वाढले म्हणजे काळजी ते डॉक्टर सांगतील.

मी शहाणपणा केला होता म्हणून सांगते. मिनी बरी दिसत होती, धावत होती, म्हणून एक तपासणी टाळून डोस उतरवला. पुढच्या तपासणीत 38 चे 29 झालेले, आणि आम्ही परत पहिल्या पायरीवर. ते दोन महिने माझ्या घाईचे.

प्रश्न : आमचा शेरू सहाव्या दिवशी गेला. दुसऱ्यांदा रक्त देऊ का असं विचारलं होतं, श्वास घेता येत नव्हता त्याला, आम्ही नको म्हणालो. हे बरोबर केलं की नाही ते मला तुम्हाला विचारायचं नाहीये. आमच्याकडे चार वर्षांची दुसरी आहे, 30 किलोची, धडधाकट. शेरूला ज्या कुत्र्याने रक्त दिलं त्याच्या मालकांना आम्ही भेटलोसुद्धा नाही. तिला रक्तदानाला नेता येईल का?

उत्तर : नेता येईल. साधारण 25 किलोच्या वरची, एक ते आठ वर्षांमधली, लसी झालेली आणि कधी स्वतः रक्त न घेतलेली कुत्री चालते. आधी तिचा रक्तगट बघतात, म्हणजे डीईए 1 हा कुत्र्यांमधला महत्त्वाचा रक्तगट आहे की नाही, आणि गोचिडीतून येणाऱ्या आजारांची तपासणी करतात. एका वेळी साधारण 450 मिली घेतात, मोजून दहा-पंधरा मिनिटांचं काम. तुमच्या डॉक्टरांकडे नाव आणि नंबर देऊन ठेवा, पुष्कळ ठिकाणी अशी वही असते आणि ती बहुतेक वेळा अर्धी रिकामीच असते, मिनीला रक्त हवं होतं त्या रात्री आम्हाला अकरा जणांना फोन करावे लागले होते.

जाताना गळपट्टा नको, हार्नेस घाला. रक्त मानेतून घेतात, तिथले थोडे केस काढावे लागतात, आणि घरी आल्यावर दोन दिवस तिथे पट्टा घासलेला बरा नाही.