‘टीमचा उत्साह घालवते’ म्हणे!

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, मॅनेजर धरून सहा जणांच्या टीममध्ये काम करणारी तिशीची मुलगी समुपदेशनाला आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) अप्रेझलमध्ये शेरा होता: ‘टीमचा उत्साह घालवते.’ तेव्हापासून सोमवारी पोटात गोळा यायचा, मीटिंगमध्ये तोंड उघडायचं नाही. "मॅडम, मी टीममध्ये काम करायला लायकच नाही का?"

हा प्रश्न फार जणांचा असतो. स्वभावाला औषध देण्याआधी नोंद बघावी. तिला मागच्या तीन मीटिंगा आठवून तीन रकाने भरायला सांगितले: आक्षेप काय, कधी घेतला, पुढे काय झालं. दहा आक्षेप निघाले. सात खरे ठरले होते. पण आठ वेळा समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ती बोलली होती. दुखणं इथे होतं.

टीम कशा चालतात याचे अभ्यासक मेरेडिथ बेल्बिन यांनी इंग्लंडमध्ये हेन्लीच्या व्यवस्थापन महाविद्यालयात व्यवस्थापकांच्या टीम बिझनेस गेम खेळताना वर्षानुवर्षं पाहिल्या. निव्वळ हुशारांची टीम तिथे बऱ्याचदा मागे पडायची; जो तो दुसऱ्याच्या म्हणण्यातली खोट काढत बसायचा. 1981 मध्ये त्यांनी टीममधल्या माणसांच्या आठ भूमिका मांडल्या, विशेषज्ञ ही नववी नंतर आली. कल्पना काढणारा, पारखणारा, रेटणारा, माणसं सांभाळणारा, काम शेवटाला नेणारा वगैरे. प्रत्येकाची उणीव गुणालाच चिकटलेली असते. पारखणारा थंड आणि टीकाखोर वाटतो. शेवटाला नेणारा उगाच काळजी करतो, काम दुसऱ्यावर सोपवत नाही. (गणपती मंडळाच्या बैठकीत देखाव्याच्या कल्पना वीस जण देतात, परवानगीचा अर्ज कोण भरणार म्हटलं की सगळ्यांना चहा आठवतो.)

मग पदं बाजूला ठेवून, दोन आठवड्यांत प्रत्यक्षात कोणी काय केलं ते लिहिलं. चार जण कल्पना काढणारे, मॅनेजर रेटणारे, पारखणारी ही एकटी. शेवटाला नेणारं कुणीच नाही.

तो कागद घेऊन ती मॅनेजरना एकटी भेटली आणि महिनाभराचा प्रयोग मागितला. मीटिंग 45 मिनिटांची. पहिली 20 फक्त कल्पनांना. तेव्हा हिने आक्षेप वहीत लिहायचे. पुढची 15 पारखण्याला, प्रत्येक आक्षेपाला ‘काय केलं तर चालेल’ जोडून. शेवटच्या 10 मिनिटांत कोण, काय, कोणत्या तारखेला, हे फळ्यावर.

पहिल्याच आठवड्यात फसलं. साठवलेले नऊ आक्षेप तिने एका दमात वाचले आणि सगळे गप्प! मग मर्यादा घातली: तीनच, आणि ज्याने जास्त नुकसान होईल तो आधी. दुसरी चूक टीमची. ‘चुका तुलाच दिसतात ना’ म्हणत रिलीजआधीची सगळी तपासणी तिच्यावर ढकलली. भूमिकेचं असं लेबल झालं की बाकीचे हात झटकतात. आता तपासणीची पाळी लावली आहे. मॅनेजरचीही धरून.

शेरा फाइलमध्ये तसाच आहे. परवा मात्र एकाने मीटिंगच्या आधीच तिच्या टेबलापाशी येऊन विचारलं, "यात काय फुटेल, ते आत्ताच सांग."