माजावर आलेल्या हरणाची शिकार डोंगरात सोपी असते असं का म्हणतात? आणि सोलापूरकडे ती करता येते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि आपल्याकडचे काळवीट आणि चिंकारा दोन्ही त्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत येतात. गुन्हा शाबित झाला तर किमान ३ वर्षं आत, वर किमान २५ हजार दंड. पाहुण्यांना मटणच घालायचं असेल तर बोकड आहे.

आता माज. तुम्ही व्हिडिओ बघितले असतील ते बहुतेक स्कॉटलंडच्या तांबड्या हरणाचे किंवा अमेरिकेतल्या एल्कचे. त्यांचा माज सप्टेंबर-ऑक्टोबरात. एरवी दबून राहणारा नर तेव्हा दिवसाढवळ्या उघड्यावर येऊन ओरडतो, चरणं विसरतो, माज सरेपर्यंत पार वाळून जातो. शिकारी त्याच्यासारखा आवाज काढतो आणि दुसरा नर आला समजून हा आपल्या पायांनी समोर येतो. म्हणून सोपं म्हणतात.

पण डोकं गेलं तरी नाक शाबूत असतं. डोंगरात पहाटे गार हवा उतारावरून खाली येते, ऊन तापलं की वर चढते. म्हणजे सकाळी जनावराच्या खालून जायचं आणि नंतर वरून, नाहीतर तुमचा वास तुमच्या आधी पोचतो. शिवाय माद्यांचं भान कुठे सुटलेलं असतं? एक दचकली की कळप डोंगरापलीकडे. एवढं करून माजातल्या नराचं मांस उग्र लागतं ते वेगळंच.

आपल्याकडे डोंगर म्हणजे बार्शीच्या बाजूला बालाघाटाची टोकं, बाकी सगळा माळ. काळवीट हे खरं तर हरीणही नव्हे. सांबर-चितळाची शिंगं गळून नवी येतात, काळविटाची पिळाची शिंगं जन्मभर तीच. दुसऱ्या नरावर धावून जायची खोड मात्र तीच, आणि ती आपल्या लोकांनी कधीच ओळखली होती. अकबराच्या काळात माणसाळलेल्या नराच्या शिंगांना फास बांधून त्याला रानात सोडत. रानातला नर अंगावर धावून आला की शिंगांसकट अडकायचा.

बघायचंच असेल तर बार्शी रोडने नान्नजला जा. तिथलं अभयारण्य १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी झालं. माळढोक दिसणं आता नशिबाचा भाग, काळवीट मात्र दिसतातच. त्यांचा माज थोडाफार वर्षभर चालतो. मार्चच्या आसपास आणि पावसाळा सरताना जोर.

मी एकदा मार्चमध्ये त्याच भागात ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या कडवळाच्या, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीच्या, बांधावर बसलो होतो. एक काळाभोर नर आला आणि लेंड्यांच्या ढिगापाशी थांबला. रोज त्याच जागी लेंड्या टाकायच्या, ती त्याची हद्द. डोळ्याखालची खाच चिरल्यासारखी उघडलेली, ती त्याने बोराटीच्या काटकीला घासली. नाक आभाळाकडे, शेपटी पाठीवर वळलेली, घशात घोगरी घुरघुर. तेवढ्यात दुसरा आला. दोघं वीसेक पावलं शेजारीशेजारी चालले, बाजाराला निघाल्यासारखे. मग खट्! बाभळीची फांदी मोडावी तसा आवाज.

मी मोबाईल काढून उभा राहिलो, आणि वारा नेमका माझ्या पाठीवरून त्यांच्याकडे. नरांना पत्ताच नाही. माद्यांतली एक मात्र सरळ वर उडाली, तिच्यामागे सगळ्या उड्या टाकत ओढ्यापलीकडे. दोघं पैलवान शिंगं सोडवून रिकाम्या रानाकडे बघत राहिले.

मागून शेतकरीमामा म्हणाले, "मास्तर, असंच रोज येत जावा. माझं कडवळ तरी राहील."