वसंत ऋतू आणि घरातले तीन टेरिअर

चि. …,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. घरात एक वयस्क बॉर्डर टेरिअर आणि एक तरुण मादी असताना एप्रिलमध्ये तिसरे पिल्लू आणायचे तू ठरवले आहेस, आणि दोघांत तिसरे सहज सामावेल ना, असे विचारले आहेस. सामावेल, पण सहज नाही. दोन टेरिअर असतात तोवर आपण दोन कुत्र्यांशी वागत असतो. तिसरा आला की घरात एक टोळी तयार होते, आणि एकेकटे असताना जे त्यांपैकी कुणाच्याही मनात आले नसते ते टोळी बेधडक करून मोकळी होते. त्यातून तू निवडलेला ऋतू वसंत, म्हणजे कुंपणापलीकडे हालचाल, वास आणि आवाज यांना वर्षभरात सर्वाधिक ऊत येण्याचा काळ. तेव्हा पिल्लू जरूर आण, परंतु तिघांना दिवसातून काही वेळ तरी एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून स्वतःला लावून घे. या पत्रात पुढे जे लिहिले आहे, ते बहुतेक याच एका गोष्टीभोवती फिरते.

तुझे घर ज्या कोकेट नदीच्या खोऱ्यात आहे, तिथलाच हा कुत्रा. इंग्लंडच्या उत्तर टोकाच्या नॉर्थंबरलँड परगण्यातल्या आणि सीमेपलीकडच्या स्कॉटलंडमधल्या मेंढपाळांनी व शिकारी मंडळींनी कोकरे पळवणाऱ्या कोल्ह्याला बिळातून हुसकावण्यासाठी तो घडवला. केनेल क्लबने १९२० मध्ये या जातीला मान्यता दिली, तोवर हे कसब पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या अंगी मुरलेले होते. घोड्यांमागे धावता येईल इतके लांब पाय, बिळात शिरता येईल इतकी अरुंद छाती आणि जेमतेम सहासात किलोचे वजन, अशी त्याची ठेवण आहे. बिळात त्याला हुकूम द्यायला कुणी नसे, त्यामुळे तिथे काय करायचे ते त्याचे त्यानेच ठरवायचे, हीच त्याच्याकडून अपेक्षा होती. तेव्हा हाक मारल्यावर तो क्षणभर थांबून तुझ्याकडे बघतो आणि मग विचार करून येतो, यात उद्धटपणा शोधू नकोस. २००५ पासून इंग्लंडमध्ये कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार करण्यावर, काही अपवाद वगळता, कायद्याने बंदी आहे; काम संपले, पण कामाची ओढ तशीच राहिली आहे, आणि ती आता तुझ्या परसात आणि स्वयंपाकघरात खर्ची पडणार आहे.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात, आणि कुत्र्यांच्या पोटाला ते कळत नाही. आधीच्या आठवड्यात जेवणाची वेळ रोज दहा मिनिटांनी अलीकडे आण, म्हणजे तो बदल कुणाला जाणवणारही नाही.

खरी कसोटी टेकड्यांवर आहे. चेव्हियटच्या उतारांवर मेंढ्या एप्रिलमध्ये वितात, त्याच सुमारास माळरानावर कर्ल्यू आणि टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात. मोकळ्या प्रवेशाच्या, म्हणजे कुणालाही पायी फिरता येते अशा, जमिनींवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरहून लांब नसलेल्या दोरीलाच बांधलेला असला पाहिजे, असा २००० सालचा कायदा सांगतो, आणि गुरे-मेंढ्यांजवळ तर ते वर्षभर बंधनकारक आहे. शिवाय १९५३ च्या कायद्यानुसार, मेंढ्या असलेल्या शेतात कुत्रा मोकळा आणि ताब्याबाहेर असणे हाच गुन्हा ठरू शकतो. त्याने कोकराला दात लावलेच पाहिजेत असे नाही. गाभण मेंढी नुसती पळाली तरी गर्भ गमावू शकते, हे इथल्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते, म्हणून त्याच्या रागावर रागावू नकोस. ज्या कुत्र्याला मुळात कोकरांच्या रक्षणासाठी घडवले, त्याच्यापासूनच आज कोकरांना जपावे लागते, यातली गंमत मात्र मला दर वसंतात नव्याने जाणवते.

इथे वेगळे ठेवण्याचा मुद्दा प्रत्यक्ष कामी येतो. तिघांना एकत्र फिरायला नेलेस आणि एकाने सशाचा वास घेतला, की उरलेल्या दोघांना वासाची गरजच पडत नाही. पहिल्याच्या ताठ झालेल्या शेपटीवरूनच ते धावत सुटतात. म्हणून एकत्र फेरी रोज एक, तीही दोरीवर, आणि त्याखेरीज प्रत्येकाला एकट्याला वीस मिनिटे, असा क्रम ठेव. त्या वीस मिनिटांत फार चालण्याची गरज नाही. वाट वास घेत घेत चालू दे, हाकेला परत येणे शिकव, गवतात खाऊ लपवून शोधायला लाव. पिल्लाच्या बाबतीत तर याला पर्याय नाही. सतत मोठ्यांच्या संगतीत वाढलेले टेरिअरचे पिल्लू त्यांचे ऐकायला शिकते, तुझे नाही. आणि थोरला कधी आजारी पडून दवाखान्यात राहिला, तर एकटे कसे राहावे हेच पिल्लाला ठाऊक नसते. लसीकरण पूर्ण होण्याआधीही त्याला कडेवर घेऊन बाजारात, बसथांब्यावर, शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी नेत जा, कारण पहिल्या तीनसाडेतीन महिन्यांत जे जग बघितलेले असते, ते त्याला आयुष्यभर ओळखीचे वाटते.

पिल्लू नर घे, असे माझे स्पष्ट मत आहे. टेरिअरमध्ये सारख्या वयाच्या दोन माद्यांचे भांडण एकदा पेटले की ते सहजी मिटत नाही, आणि त्यांतली एखादी माजावर येते तेव्हा तर ठिणगीही पुरते. मात्र नर आणायचा तर तरुण मादीची वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया कधी करायची, हे तुझ्या पशुवैद्याशी आधीच बोलून ठेव. घरातली भांडणे बहुधा चार ठिकाणी होतात: अरुंद दारात, जेवणाच्या भांड्यापाशी, पाहुणा आल्यावर आणि खिडकीपाशी. चौथे ठिकाण वसंतात विशेष महत्त्वाचे असते. काचेपलीकडे मांजर किंवा खार दिसते, तिच्यापर्यंत पोचता येत नाही, आणि तो सगळा आवेश शेजारी उभ्या असलेल्या सोबत्यावर निघतो. म्हणून खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला धूसर कागद चिकटव, जेवण वेगवेगळ्या खोल्यांत दार लावून दे, आणि बेल वाजली की तिघांनी आपापल्या जागी जाण्याची सवय लाव. इतके करूनही जुंपलीच, तर मध्ये हात घालू नकोस आणि ओरडूही नकोस. जाड चादर किंवा एखादी फळी मध्ये सारून त्यांना वेगळे कर आणि तासभर वेगळ्या खोल्यांत ठेव.

परसाच्या कुंपणाकडे आधी खालून बघ, वरून नाही. कुंपणाच्या तळाशी जाळी आतल्या बाजूला वळवून तीसएक सेंटिमीटर रुंदीची पट्टी मातीखाली आडवी पसर. टेरिअर कुंपणाला लागूनच खणतो, आणि पंजा जाळीला लागला की चार पावले मागे येऊन खणावे हे त्याला सहसा सुचत नाही. डॅफोडिल आणि ब्लूबेल यांचे कंद विषारी असतात, म्हणून ते उकरता येतील अशा ठिकाणी नकोत. गोगलगायींवर पूर्वी टाकत ते मेटाल्डिहाइडचे दाणे ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंतापासून बंद झाले आहेत, तरी भाड्याच्या घराच्या जुन्या शेडमध्ये एखादा डबा उरलेला असू शकतो, तो शोध. गोगलगायींमुळे कुत्र्यांना फुप्फुसाचे जंतही होतात, तेव्हा पाण्याचे भांडे रात्री बाहेर ठेवू नकोस. फिरताना एखादा कुत्रा बिळात शिरलाच, तर लगेच खणायला धावू नकोस. शांत राहा, बाकीच्यांना दूर बांध आणि वाट बघ. बहुतेक वेळा तो त्याच वाटेने परत येतो. ते बीळ बॅजरचे असेल तर १९९२ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि नॅचरल इंग्लंडच्या परवान्यावाचून ते खणता येत नाही.

एप्रिलच्या उन्हात अ‍ॅडर साप पायवाटेच्या कडेला येऊन पडतात. तो आपल्या घोणस-फुरशांच्याच कुळातला, अंगावर नागमोडी पट्टा असलेला. दंश बहुधा थोबाडाला किंवा पुढच्या पायाला होतो. सूज दिसताच कुत्र्याला चालवू नकोस, उचलून थेट पशुवैद्याकडे ने. जखम कापणे, चोखणे, बांधणे असले काही करायचे नाही. गोचिडीसाठी चिमट्यासारखा खास हुक मिळतो. तो कातडीशी लावून फिरवत काढला की गोचीड अखंड निघते. रोज संध्याकाळी कानांमागे, काखेत आणि बोटांच्या फटींत हात फिरवत जा, कारण बॉर्डरच्या दाट केसांत ती डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागते.

केसांचे काम मात्र घाई न करता शिकण्यासारखे आहे. बॉर्डरचे वरचे केस राठ असतात आणि आतली लव मऊ. वर्षातून साधारण दोनदा वरचे केस मरतात, पाठीवर आपोआप भांग पडल्यासारखे दुभंगतात, आणि चिमटीत धरून ओढले की विनासायास निघतात; ही अवस्था वसंतात येते, तेव्हाच ते उपटायचे. मशीन लावू नकोस. मशीनने मेलेला केस मुळाशी तसाच राहतो, पोत मऊ पडतो, रंग फिका होतो, आणि पावसाचे पाणी झटकून टाकण्याचा त्या केसांचा गुण जातो. बोटांना खडूची भुकटी लाव म्हणजे केस निसटत नाहीत. डाव्या हाताने कातडी ताणून धर, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत मोजकेच केस घे आणि ते ज्या दिशेने वाढले आहेत त्याच दिशेने ओढ. मनगट स्थिर ठेवून हात कोपरापासून मागे गेला पाहिजे. मानेच्या मागून सुरुवात करून पाठीवरून खाली ये. पोट आणि जांघेची कातडी नाजूक असते, तिथे कात्रीच वापर. एका बैठकीत पूर्ण कुत्रा उरकण्याचा हट्ट नको. कान मागे पडले किंवा तो सारखा ओठ चाटू लागला, की त्या दिवसापुरते थांब. नवे राठ केस यायला दोनतीन महिने लागतात, तोवर तो थोडा उघडाबागडा दिसतो आणि लोक विचारतात, त्याला काय झाले म्हणून. हे कामही एका वेळी एकाच कुत्र्याचे, बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत ठेवून.

निघालेले केस पक्ष्यांच्या घरट्यांसाठी झुडपांवर टाकण्याची इथे अनेकांना हौस असते. ती तू करू नकोस. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासलेल्या प्रत्येक घरट्यात पिसवांच्या औषधातले फिप्रोनिल सापडले. औषध लावलेल्या कुत्र्याचे केस सरळ कचऱ्यात टाक.

आता आपल्या घरांपुरती एक गोष्ट. पाडवा आणि ईस्टर आगेमागे येतात, त्यामुळे थोड्याच आठवड्यांत शिऱ्यातल्या मनुका, ईस्टरच्या गोड पावातले बेदाणे आणि चॉकलेटची अंडी घरात असतात, आणि हे तिन्ही पदार्थ कुत्र्यांना घातक आहेत. द्राक्ष-मनुकांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते, त्यामागे टार्टारिक आम्ल असावे असा पशुवैद्यांचा आता कयास आहे, आणि ते आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असते. तेव्हा आमटीभात प्रेमाने कालवून घालण्याची आपल्याकडची रीत इथे विसर. कांदा-लसूण हे दुसरे कारण आहेच. आईवडील भारतातून राहायला आले, तर ही यादी मराठीत लिहून फ्रिजवर लाव, कारण ‘एवढ्याशाने काय होते’ हे वाक्य तुला नक्की ऐकावे लागेल, आणि सहा किलोच्या जिवाला एवढ्याशानेही पुष्कळ होते.

पिल्लाच्या आईवडिलांची डोळ्यांची जनुकीय तपासणी झाली आहे का, हे विकणाऱ्याला विचार. टेरिअरच्या अनेक जातींत डोळ्याचे भिंग जागचे सरकण्याचा आनुवंशिक विकार आहे. आई पाहायला मिळत नसेल, तर पिल्लू कितीही गोड असले तरी परत फिर.

थोरल्याच्या पाठीवरचे केस दुभंगू लागले, असे तू लिहिले आहेस. मेच्या पहिल्या शनिवारी त्याला घेऊन माझ्याकडे ये. मी अर्धी पाठ करून दाखवते, उरलेली तू कर. येताना त्याला एकट्यालाच आण.

कळावे.

तुझी,
मावशी