सुरुवात मॉन्टगोमेरीपासून कर

अरे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीचा एकदम सगळा इतिहास वाचायला घेऊ नकोस, दमशील. आधी फक्त अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहराचा बस बहिष्कार घे, १९५५-५६ चा, बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा. रोझा पार्क्स एक दिवस दमल्या म्हणून गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या सीटवरून उठल्या नाहीत असं समजणं ही सगळ्यांची पहिली चूक, त्या १९४३ पासून एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या तिथल्या शाखेच्या सेक्रेटरी होत्या आणि त्यांच्या नऊ महिने आधी १५ वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विनलाही सीट न सोडल्याबद्दल अटक झालेली.

दुसरी चूक, नुसती भाषणं ऐकणं. मला धीर येतो तो बहिष्काराची पत्रकं रात्रभर छापणाऱ्या तिथल्या कार्यकर्त्या जो ॲन रॉबिन्सनमुळे, आणि बहिष्कार ३८१ दिवस चालला तेव्हा पायी कामावर जाणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बायकांमुळे.

त्यांच्यासारखंच तू पण एकच छोटं काम ठरव, महिनाभर कर, मग पुढचं सांगतो.